आधी पाणी, मग नाव

"…ते सगळं राहू द्या, बाबा. मोठं कोण, एवढंच सांगा. आमची घटना, की संघाचा कायदा?"

त्र्यंबकरावांनी धापा टाकत विचारलं. त्र्यंबकराव म्हणजे नांदखोरे राज्याचे सरन्यायाधीश. राज्य एवढंसं, पण ह्यांचा तोरा केवढा! टेकडीवरच्या फकिराकडे जायचं म्हणून पट्टेवाल्याला खाली गाडीपाशी थांबवलं होतं, तेवढाच काय तो विनय.

आल्या आल्या फकिरानं, दाऊदबाबांनी, पुढे केलेला तांब्या त्यांनी घटाघटा रिकामा केला होता. तो कुणी दिला, कधी दिला, ह्याचं भानही त्यांना नव्हतं.

"भांडण कशावरून?" बाबांनी विचारलं.

"पुलावर एक बाई येऊन बसलीय सकाळपासून. सीमेपलीकडची. आमच्या घटनेचं पहिलंच वाक्य आहे, दारी आलेल्याला आधी पाणी, मग नाव. पण आम्ही पडलो सात राज्यांच्या संघात! संघ म्हणतो, आधी नाव. नाव नसेल तर परत पाठवा. आणि ही बया नाव विचारलं की नुसती बघत राहते. संध्याकाळपर्यंत मला निकाल द्यायचाय."

"संघात कशाला गेलात?"

"एकट्यानं भागेना. रस्ते, दवाखाने… तो पूलसुद्धा संघानंच बांधलाय."

"मग संघ मोठा."

"असं कसं, बाबा? ते वाक्य गेलं, तर आमचं म्हणून राहिलं काय?"

"मग घटना मोठी."

"अहो, मग उद्या सातही राज्यं आपापलं वाक्य घेऊन उभी राहतील. संघ मोडेल!"

"मोडेल."

"मग?"

बाबांनी रांजणावरचं झाकण नीट केलं.

झालं! त्र्यंबकरावांच्या डोक्याचा पार भुगा झाला. उभा जन्म निकाल देण्यात गेला, आणि आज ही गत. राग आला, तोही भलत्याच गोष्टीचा.

"एवढा चढून आलो मी. कोण, कुठला… तुम्ही साधं नाव विचारलं नाहीत माझं!"

"पाणी प्यायलास ना?"

त्र्यंबकराव हातातल्या रिकाम्या तांब्याकडे बघत राहिले.

"आणि ती?" बाबांनी विचारलं.

"तिला… तिला कसं देणार? पाणी दिलं तर आमची घटना लागू झाली, असा अर्थ निघेल. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बाबा. संघाचे वकील टपून बसलेत. आमचेही."

"पुलाखाली ओढा आहे ना?"

"कोरडा खडखडीत आहे."

बाबा उठले. तांब्या घेतला, रांजणात बुडवून काठोकाठ भरला आणि पुन्हा त्र्यंबकरावांच्या हातात दिला.

सवयीनं त्यांनी तो ओठांकडे नेला. बाबांनी हलकेच मनगट धरलं.

"तुझं झालं."

खाली ऊन रणरणत होतं. पुलाच्या कठड्याला टेकून कुणीतरी बसलेलं इथूनही दिसत होतं. त्र्यंबकरावांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. आता मात्र त्यांना खरीच भीती वाटली.

"पण बाबा, हे… हे घटनेचं म्हणून देऊ? पूल तर संघाचा… कुणाच्या नावानं देऊ मी?"

"उतार आहे, बेटा. सांडू नकोस."