बुधीची मूठ

फार वर्षांपूर्वी, कुसूरबंदराच्या खाडीत शिडाची गलबतं लागत तेव्हाची ही गोष्ट. गलबतांना वादळात धरून ठेवणारे लोखंडी नांगर गावातच घडत, आणि घडवणारा एकच, धाकू लोहार. त्याच्या खापरपणजोबानं चिंचेचा जाड ओंडका जमिनीत रोवून त्यावर ऐरण बसवली होती. त्या जागेला गाव ठाण म्हणे. ठाण हललं तर खाडी गावात शिरेल, असं म्हणत.

ठाणाची रीत कडक होती. शिकायला येणाऱ्यानं ऐरणीशी ताठ उभं राहायचं, हात खाली सोडायचा आणि मूठ वळायची. मूठ ऐरणीच्या माथ्याला टेकली तर घण हातात मिळे. माथ्याच्या खाली राहिली तर घरचा रस्ता. आता धाकूच्या घराण्यातले पुरुष माडासारखे उंच. त्यामुळं झालं काय, की पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच मूठ टेकत गेली. बाकीच्यांच्या अंगात कसबच नाही, असं गाव खुशाल म्हणू लागलं.

डोंगरावर कोळसा पाडणाऱ्यांची वाडी होती. तिथली बुधी रोज डोक्यावरून कोळसा घेऊन भट्टीवर यायची. बाई ठेंगणी, पण नजर अशी की लोखंड किती तापलं हे धाकूच्या आधी रंगावरून सांगे. एक दिवस तिनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आबा, मना घण मारायला शिकव."

"मूठ दाखव," धाकू म्हणाला.

मूठ वीतभर खाली राहिली. जमलेले लोक हसले. "बुधे, अजून जरा वाढ, मग ये!" बुधीचं वाढायचं वय कधीच सरलं होतं. तिला राग आला, रडूही आलं, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ऐरणीशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. सबंध वर्षभर ती रोज मूठ वळून दाखवी आणि धाकू रोज मान हलवी.

त्या वर्षी धाकूचा खांदा गेला. घरात पोरगा नव्हता, आणि गावात कुणाची मूठ टेकेना. नांगराविना दोन गलबतं खडकावर फुटली. तरी रीत ती रीत.

अशात एकदा बुधी ओंडक्याला टेकून बसली असता तिच्या नखाखाली काजळीचा पोपडा सुटला. काजळी म्हणजे तिच्या रोजच्या ओळखीची. तिनं खरवडत नेली, तर खाली लाकडात डागलेल्या मुठी निघाल्या! एक मोठी, एक तीनच बोटांची, आणि सगळ्यांत वर एक लहानशी, मनगटावर बांगडीची खूण असलेली. प्रत्येक मुठीखाली एक आडवी रेघ होती.

धाकूनं एकेका रेघेवरून बोट फिरवलं. "अगं, ज्याची मूठ त्याच्या रेघेपर्यंत ओंडका पुरायचे," तो म्हणाला. "माणसाच्या मुठीला ऐरण आणायचे गं. आणि आम्ही माणसंच परत पाठवत बसलो."

त्यानं पहार मागवली. पण गाव आडवं आलं. "आबा, ठाण हलवायचं नाही. खाडी आत आली म्हणजे?"

बुधीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "ऱ्हाऊ द्या तुमचं ठाण तिथंच," ती म्हणाली. "मी भुई वर आणते."

मग ती कोळशाच्या प्रत्येक खेपेला मातीची एक पाटी आणू लागली. ऐरणीपाशी ओतायची, पायानं चोपायची आणि मूठ वळून पाहायची. असं म्हणतात, की शेवटी शेवटी डोंगरच तिच्यामागून चालत येई. माती बांगडीवाल्या मुठीखालच्या रेघेला लागली त्या सकाळी तिनं हात खाली सोडला आणि मूठ टेकली. धाकूनं घण तिच्या हातात दिला.

पुढं तिनं घडवलेला पहिला नांगर उचलायला सोळा माणसं लागली, असं म्हणतात. त्याच साली मोठं तुफान आलं. सगळ्या गलबतांनी आपले दोर त्या एका नांगराला बांधले. वारा तीन दिवस ओढत राहिला. नांगर जागचा हलला नाही, एकही गलबत फुटलं नाही. मग काय, बुधीच्या भट्टीवर लंगडे, ठेंगणे, वाडीवरचे, लेकीसुना सगळे येऊ लागले. येताना ज्यानं त्यानं लागेल तेवढी माती आणायची, एवढीच फी.

आज तिथं कारागिरी शिकवणारी शाळा आहे. प्रवेशाच्या दिवशी गुरुजी आधी मूठ बघतात आणि मुलाच्या पायाखाली बुधीच्या नावानं मातीची पाटी ओततात.

गेल्या साली अफ्रीन नावाची मुलगी चाकांच्या खुर्चीतून आली. गुरुजींनी माती ओतली, तशी चाकं रुतली. पुन्हा ओतली, पुन्हा रुतली. "राहू दे सर," ती म्हणाली आणि खुर्ची वळवू लागली. तेव्हा गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं पहार आणली आणि सरळ ठाण खणायला घेतलं. कुणी आडवं आलं नाही. ओंडका हातभर खाली गेला. अफ्रीनची मूठ ऐरणीला टेकली.

खाडी होती तिथंच राहिली. ओंडक्यावर आता आणखी एक मूठ डागलेली आहे.