अरुंद बैठकीचे सैनिक

फार फार पूर्वी, जेव्हा राजांना थोडी अक्कल होती, तेव्हाची ही गोष्ट. लहान असा की मोठे, नीट ऐका.

दोन शेजारी राज्यं होती. तिथल्या राजांचं भांडण झालं, तर ते माणसं मारत नसत. मोठ्या मेजावर लढाई मांडत. भुशाचे डोंगर, निळ्या कापडाची नदी आणि अंगठ्याएवढे शिशाचे सैनिक. फासे टाकायचे, सैनिक सरकवायचे. एक नियम मात्र फार कडक होता. मेजावर आडवा झाला तो मेला. कुणाच्या धक्क्याने, कुणाच्या चुकीने, हे विचारायचं नाही.

एका वर्षी सीमेवरच्या तळ्यावरून वाद पेटला. जो जिंकेल त्याचं तळं, असं ठरलं.

पहिल्या राजाचे सैनिक एक म्हातारा चितारी रंगवी. निळे डगले, छातीवर पांढरे पट्टे, उंच टोप्यांवर लाल तुरे. खारीच्या केसांच्या कुंचल्याने तो खसखशीएवढ्या गुंड्याही सोनेरी करी. त्याची सून बैठका करी. म्हणजे प्रत्येक सैनिकाच्या पायाखाली लाकडाची चकती सरसाने चिकटवायची आणि तिच्यावर वाळू, हिरवा भुसा लावून जमीन करायची. तिचं माहेर त्या तळ्याच्या काठी होतं. तिची आई तिथलंच पाणी भरत होती.

लढाईच्या आठ दिवस आधी राजा सैन्य बघायला आला. त्याने एक रांग लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तीसच? इथे साठ बसले पाहिजेत."

"बैठका आड येतात, महाराज," चितारी म्हणाला.

"मग छाटा त्या. लढाई काय बैठका करणार आहेत?"

सून पुढे आली. "महाराज, छाटलेला सैनिक इथे फळीवर उभा राहील. डोंगरावर नाही राहायचा."

"चितारीबुवा, तुमच्याकडे सैन्य कोण चालवतं?" राजाने विचारलं. बरोबरचे सरदार हसले.

म्हातारा ओशाळला. "सूनबाई, आत जा. बैठका बघायला कोण येतंय? लोक तुरे बघतात."

"बघू देत तुरे, मामंजी. पडताना तेच आधी जमिनीला टेकतात."

तिने करवतीला हात लावला नाही. म्हाताऱ्याने स्वतःच सगळ्या बैठका बुटांना लागून छाटल्या.

लढाईचा दिवस आला. दुसऱ्या राजाचे सैनिक एकाच तपकिरी रंगात बुचकळून काढलेले होते. काहींना डोळेसुद्धा नव्हते. बैठका मात्र रुंद. त्यांना बघून लोक हसले. लोकांचं काय, ते हसतातच.

पहिल्या राजाने साठसाठांच्या रांगा डोंगरावर चढवल्या. दृष्ट लागावी अशा दिसत होत्या. मग त्याने सर्वांत वरची रांग पट्टीने जरा पुढे सरकवली. भुसा दबला. कडेचा एक सैनिक डुलला आणि शेजाऱ्यावर कलंडला, शेजारी त्याच्या शेजाऱ्यावर. मध्ये बोट घालायला जागा नव्हती. वरची रांग खालच्या रांगेवर आली, ती तिच्या खालच्या रांगेवर. शेवटचा लाल तुरा कापडाच्या नदीत पडला, तेव्हा समोरच्या राजाने फासे हातातही घेतले नव्हते.

"आडवा झाला तो मेला," पंच म्हणाला आणि उठला.

तळं गेलं. त्याच्या काठी दुसऱ्या राजाचा पहारा बसला. सुनेची आई दीड कोसावरून पाणी आणू लागली.

म्हाताऱ्याने सैनिकांची पोती घरी आणून सुनेपुढे ठेवली. "बोल, काय बोलायचं ते."

"बोलून आईचा हंडा भरत नाही, मामंजी," ती म्हणाली. "ते लाकूड द्या इकडे." आणि ती रुंद चकत्या कापायला बसली.

जास्त दिसावं म्हणून जो पायाखालची जागा छाटतो, तो एकटा पडत नाही, शेजाऱ्यांनाही घेऊन पडतो.