हद्दपारीचं औषध

आंबेखिंडीच्या सर्जेराव महाराजांचं जेवण गादीवर, दरबार गादीवर आणि दुपारची डुलकीही गादीवरच. शेवटी कंबर धरली, पाय सुजले, उठवायला दोन हुजरे लागू लागले. एका वैद्याने "महाराज, रोज थोडं चाला" म्हटलं, तर महाराज कडाडले, "चालायला आम्ही काय निरोप पोचवणारे जासूद आहोत? यापुढे जो कुणी चालायला सांगेल, त्याने त्याच क्षणी पायी वेशीबाहेर व्हायचं!"

त्यानंतरचे वैद्य मुकाट्याने लेप लावत राहिले. मग आली तान्हाबाई वैद्यीण. महाराजांची नाडी पाहता पाहता तिने मोठा सुस्कारा सोडला.

"काय झालं?" महाराज दचकले.

"माझ्या घोडीचा घोर लागलाय, सरकार. महिनाभर खुंट्याला बांधून आहे, पाय सुजलेत. कसला लेप लावू?"

घोड्यांचा विषय निघाला की महाराजांना राहवत नसे. "लेप कसला लावताय, बाई! बांधून ठेवल्यावर पाय सुजणारच. रोज चालवा तिला!"

तान्हाबाईने महाराजांचे जोडे उचलून त्यांच्यासमोर ठेवले.

"हे काय?"

"चालायला सांगेल त्याने पायी वेशीबाहेर व्हायचं. हुकूम आपलाच आहे."

महाराज लालबुंद झाले. पण भर दरबारात स्वतःचाच शब्द मोडायचा कसा? "म्हणजे आम्ही राज्य सोडायचं?"

"छे! परत येऊ नये असं हुकमात कुठं आहे? वेस ओलांडा आणि जेवायला परत या," तान्हाबाई म्हणाली. "उद्या सकाळी मी बैलाचं दुखणं घेऊन येते."