शुक्रवारचे पळीभर तेल

एकदा एका विद्यापीठावर लक्ष्मी प्रसन्न झाली. तशी ती कुणावरही व्हावी, आपण पोटात दुखवून घेऊ नये. पण हे विद्यापीठ ना कुणा राजाचे होते, ना कुणा मठाचे. नगरातल्या लोकांनीच ते आपापल्या ऐपतीने चालवले होते. दर शुक्रवारी विद्यापीठाचा एक शिष्य बुधली घेऊन दारोदार जाई आणि घरटी एक पळी तेल मागे. शनिवारचे तेल मारुतीचे, म्हणून शुक्रवारचे सरस्वतीचे, असा हिशेब. त्या तेलावर संध्याकाळी अभ्यासाचे दिवे लागत.

या तेलाबरोबर एक नेम चालत आला होता. पौर्णिमेला दुपारी अंगणात सभा भरे. ज्या घरचे तेल येई, त्या घरच्या माणसाने उभे राहून एक प्रश्न विचारावा आणि ज्या शास्त्राचा तो प्रश्न, त्या शास्त्राच्या आचार्याने खरे उत्तर द्यावे. आता लोक प्रश्न तरी कसले विचारणार? म्हैस अचानक का आटली, जावई वर्षभर बोलत नाही त्यावर काही मात्रा आहे का. पण उत्तर मिळे. उत्तर येत नसेल, तर ‘ठाऊक नाही’ असे मिळे आणि पंडिताच्या तोंडून एवढे दोन शब्द ऐकायला लोक लांबून येत.

तर अशा या विद्यापीठात एके दिवशी तुपाचे एक बडे व्यापारी आले आणि वृद्ध कुलगुरूंसमोर हात जोडून बसले.

“आमचं काही मागणं नाही हो, गुरुजी,” ते म्हणाले. “अट म्हणाल तर एकही नाही. नवा मंडप बांधून देतो. यापुढे सगळे दिवे आमच्या तुपाचे. आणि घृतशास्त्राचा एक विभाग निघावा, एवढीच आपली हौस.”

कुलगुरू म्हणाले, “बरं.” मंडप झाला. तुपाच्या घागरी आल्या. आणि मग आमच्या पंडितांना जे काही स्फुरण चढले, ते काय सांगावे!

ज्योतिषाचार्यांना साक्षात्कार झाला की सप्तर्षींची आकृती तुपाच्या पळीसारखी आहे. चित्रशाळेने सरस्वतीचे नवे चित्र काढले. त्यात वीणा होती, हंसही होता, फक्त हंसाशेजारी एक लोणकढ्या तुपाची लोटी होती. तुपाला भांड्याचा आधार की भांड्याला तुपाचा, या वादात तीस वर्षे घालवलेल्या न्यायशास्त्र्यांनी अखेर निकाल दिला, की दोघांनाही शेटजींचा आधार. शेटजींनी यातले काहीही मागितले नव्हते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

घृतशास्त्राच्या आचार्यपदी एका हुशार, गरीब शिष्याची नेमणूक झाली. त्याच्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांची धुणी धुऊन त्याला शिकवले होते. तिला गावी निरोप गेला आणि तिने गल्लीत गूळ वाटला. आता मुलगा तिला शहरात आणणार होता. पण पहिल्याच शुक्रवारी कुलगुरूंनी या नव्या आचार्याच्या हातात तेलाची जुनी बुधली दिली.

“गुरुजी, सगळे दिवे तुपाने भरलेत,” तो चकित होऊन म्हणाला. “आता तेल कशाला? आणि आता मी आचार्य आहे.”

“इतर दिवशी आचार्य. आज शुक्रवार आहे,” कुलगुरू म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

बिचारा निघाला. लोकांना करमणूकच झाली. “काय शास्त्रीबुवा, तुपाला तेलाची फोडणी द्यायचीय का?” “आता शेटजी आहेत की तुमचे! आमच्या पळीची काय किंमत?” एकेक दार बंद होत गेले. पूर्वी तीनशे घरे तेल देत, चार शुक्रवारांत सात उरली. शिष्य दर शुक्रवारी लाजेने अर्धा होऊन परते. म्हाताऱ्याला भ्रम झाला आहे, अशी त्याची जवळपास खात्री पटली होती.

इकडे मंडपात एक चमत्कार घडत होता. तुपाचे दिवे तडतडत आणि काळा धूर सोडत. वैद्यराजांनी डोळे पुसत पुसत एक ग्रंथ लिहिला, की तुपाचा धूर हा डोळ्यांना अंजनासारखा गुणकारी आहे. आमच्या शिष्याने मात्र एकदा थोडे तूप कढवून गाळून पाहिले. तळाशी उकडलेल्या रताळ्याचा गाळ बसला होता. त्याने झाकण लावले, भांडे फळीवर मागे सरकवले आणि आईसाठी खोली पाहायला गेला. त्याला त्या दिवशी जेवण गेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

पौर्णिमा आली. मंडप खचाखच भरला. मधोमध उच्चासनावर शेटजी बसले होते. नेमाप्रमाणे कुलगुरूंनी विचारले, “कुणाला काही प्रश्न?” कोणी उठेना. ज्यांनी तेल बंद केले होते त्यांना विचारण्याचा हक्क नव्हता. तेवढ्यात धुरपदाबाई उठली. त्या सात घरांपैकी एक घर या म्हातारीचे. तीही धुणीभांडी करी आणि दर शुक्रवारी पळी काठोकाठ भरून देई.

“मला शास्त्र कळत नाही बाबा,” ती म्हणाली. “पण आमच्या तेलाचा दिवा कधी तडतडला नाही. मग शेटजींच्या तुपाचा का तडतडतो?”

ज्योतिषाचार्य म्हणाले, राहू वक्री आहे. न्यायशास्त्री म्हणाले, तडतडणे हा मुळात दिव्याचा धर्म की ऐकणाऱ्याच्या कानाचा, हे आधी ठरवावे लागेल. वैद्यराज खोकत होते.

“हा प्रश्न घृतशास्त्राचा आहे,” कुलगुरू म्हणाले. “उत्तर त्या आचार्यांनी द्यावं.” आणि ते शांतपणे संध्याकाळच्या दिव्याची वात सारखी करू लागले.

शिष्य उभा राहिला. त्याने शेटजींकडे पाहिले, मग धुरपदाबाईकडे. तिचे हात आईच्या हातांसारखेच साबणाने भेगाळलेले होते. हिने पळी काठोकाठ भरली होती आणि आपण ती मान खाली घालून घेतली होती, याची त्याला भयंकर लाज वाटली.

“आजी,” तो म्हणाला, “तुपात रताळं आहे.”

शेटजी लालबुंद झाले. “माझ्याच मंडपात बसून माझ्याच तुपात रताळं काढता?” त्यांनी हमाल बोलावले. घागरी गेल्या, दिव्यांतले तूपसुद्धा ओतून नेले. मंडप काही उचलता येईना, तेव्हा कोनशिलेकडे एकदा रागाने पाहून ते तरातरा निघून गेले.

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, “घ्या! तेलही गेलं, तूपही गेलं...”

“तेल गेलेलं नाही,” कुलगुरू म्हणाले. “सात घरचं आहे.”

त्या संध्याकाळी सात घरच्या तेलावर एकच दिवा लागला. सगळे पंडित त्याच्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसले. दिवा तडतडत नव्हता. शिष्याने हळूच विचारले, “गुरुजी, आपल्याला ठाऊक होतं?”

“रताळ्याचं? छे रे! मला धुराने दिसतच नव्हतं,” कुलगुरू हसले. मग म्हणाले, “तूप घेतलं यात काही वावगं झालं नाही. मोठं दान आलं तर विद्येने तोंड फिरवू नये. मंडप चांगला आहे, गळत नाही. पण शेटजींच्या घागरी आल्या, आता तीनशे घरं सुटतील, याची मला धास्ती वाटली. ज्याचं तेल नाही, त्याचा प्रश्न नाही. विचारणारं कोणी उरलं नाही की आपण पंडित काय काय शोधून काढतो, ते तू पाहिलंसच. तुला खरं बोलायला लावणारं एखादं तरी माणूस शिल्लक राहावं, म्हणून मी तुला बुधली घेऊन धाडत होतो.”

“आणि माझं आचार्यपद?”

“तूप गेलं म्हणून घृतशास्त्र थोडंच गेलं? त्याचा पहिला सिद्धांत तर आज मांडलास. मानधन मात्र तेलाच्या बेताने मिळेल. आईला सांग, खोली लहान आहे.”

पुढच्या शुक्रवारी शिष्य बुधली घेऊन निघाला, तेव्हा त्याची मान वर होती. बरीच दारे पुन्हा उघडली, काही नाही उघडली. शेटजींच्या वाड्यावरून तो घाईघाईने पुढे सटकणार, तोच हाक आली, “अहो शास्त्रीबुवा, थांबा!”

शेटजी स्वतः दारात उभे होते. त्यांच्या हातात पळी होती आणि पळीत तेल. त्यांचा चेहरा उतरला होता.

“कोठारात जाऊन बघितलं,” ते म्हणाले. “आमचा मुनीम हंडाभर रताळी उकडत बसला होता. तीन वर्षं चाललंय म्हणे. मी आपला दुकानाच्या गादीवर, मला पत्ता नाही.” त्यांनी पळी पुढे केली. “तुमचा नेम सगळ्यांना सारखाच ना?”

“हो.”

“मग पौर्णिमेपर्यंत थांबत नाही, आत्ताच विचारतो. एवढे पंडित तुमच्याकडे. रोज संध्याकाळी दिवे तडतडत होते. मला एकानेही का सांगितलं नाही?”

शिष्याला क्षणात चार श्लोक आठवले. ते त्याने गिळले.

“शेटजी,” तो म्हणाला, “तुम्ही फार दिलं होतं.”

शेटजींनी पळी बुधलीत रिकामी केली, सवयीने आणखी तेल आणायला आत वळले आणि मध्येच थबकले.

“एकच ना?” त्यांनी विचारले.

“एकच,” शिष्य म्हणाला आणि पुढच्या दारी गेला.