हळदीच्या बोटांची पोथी

खूप जुनी गोष्ट. डोंगराआडच्या एका गावात एक पोथी होती. तिच्यात होती प्रेमाची कवनं. ओठांची, मिठीची, रुसव्याची. लग्न झालं की देवळातली ही पोथी नव्या जोडप्याच्या घरी जायची. दोघांनी ती एकमेकांना वाचून दाखवायची आणि आवडलेल्या कवनावर हळदीचं बोट उमटवून, शेजारी नाव लिहून परत करायची, अशी गावाची रीत होती.

पाटलाच्या लेकीचं लग्न ठरलं. तिला आई नव्हती. आईचं बोट कुठल्या कवनावर उमटलंय, ते तिला बघायचं होतं. नवऱ्याशी पहिलं बोलायचं ते त्याच कवनानं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

त्याच सुमारास गावात एक शास्त्री येऊन राहिला. त्यानं पोथी चाळली आणि पाटलाच्या ओसरीवर चारचौघांत विचारलं, "पाटील, हे तुमची लेक वाचणार?"

पाटलाची मान खाली गेली. "त्यात काय आहे, मी कधी उघडून पाहिलं नाही," तो पुटपुटला.

"असं कसं?" पोथी सांभाळणारी म्हातारी म्हणाली. "तुमच्याकडून ती परत आणताना माझ्या वहाणा झिजल्या."

ओसरी हसली. पाटील मात्र चिडला. "तू गप्प बस गं म्हातारे."

शास्त्र्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "आणखी कुणाला आवडतात ही कवनं?"

जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. प्रत्येकाचं बोट त्या पोथीत होतं, पण हात कुणाचाच वर झाला नाही.

दाराआडून लेक पुढे आली. "बाबा, आईचं बोट आहे त्यात."

"आत जा," पाटील म्हणाला.

त्याच दिवशी पाटलानं पोथी नदीत सोडली. लेक घाटावर पोहोचली तेव्हा पानं बुडाली होती, आणि पाण्यावर नुसती शाई पसरत होती.

लग्न झालं. वर्षं गेली. म्हातारा पाटील लेकीच्या घरी राहायला आला. दिवसभरात नवरा-बायकोत दोनच शब्द बोलले गेले. "वाढू?" आणि "वाढ."

"सुखात आहेस ना, पोरी?"

"तो वाईट नाही, बाबा. आम्हाला बोलायला सुरुवातच सापडली नाही. आता तर शोधतही नाही."

पाटलानं अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाला, "उन्हात केस वाळवत उभी होते मी, तू मागून आलास, आणि... ह्यावर तुझ्या आईचं बोट होतं."

लेक त्याच्याजवळ सरकली. "आणि काय, बाबा?"

त्यानं डोळे मिटले. पुढची ओळ त्याला आठवेना. "ती वाचायची," तो म्हणाला. "मी तिच्याकडेच बघत बसायचो."

लेक उठली आणि चुलीपाशी गेली.

तात्पर्य: जे मनापासून आवडतं त्याची चारचौघांत लाज बाळगली, तर ते आपल्या लेकरांच्या वाट्याला येत नाही.