दौलतरावांची अर्धी दाढी

नगराध्यक्ष दौलतराव सरनोबत केशव सैंदाण्याच्या दुकानात दाढीला बसले आणि तोंडाला फेस लागलेला असतानाच बढाया मारू लागले. "चाळीस कार्यकर्त्यांना बंदुकीचे परवाने द्या म्हणून शिफारस केलीय. सही केलेली यादी उद्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. चौकशीत वेळ घालवू नका, असंही लिहिलंय. सगळी आपलीच माणसं आहेत!"

केशवचा हात थांबला. मागच्याच महिन्यात अशाच एका 'आपल्या माणसा'नं वरातीत हौसेनं गोळी झाडली होती, आणि बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा हात कायमचा गेला होता.

"माणूस कसा आहे ते बघायला नको का, साहेब?"

"बंदूक काय आपोआप उडते का रे? उगाच भिता तुम्ही लोक!"

केशवनं अर्धी दाढी उरकली. मग साहेबांबरोबर आलेल्या, दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला, सुन्या मोहित्याला, आत बोलावलं. "यादीत तुझंही नाव आहे ना? मग घे वस्तरा, उरलेली दाढी तू कर."

दौलतराव खुर्चीतून ताडकन उठले. "अरे, त्यानं सकाळपासून टाकलीय! हात बघ कसा थरथरतोय!"

"आपलाच माणूस आहे की!" वस्तरा परत घेत केशव कडाडला. "वस्तऱ्यासमोर तुमचा एकट्याचा गळा होता, तर लगेच त्याचा हात बघितलात. बंदुकीसमोर सगळं गाव असणार आहे. तिथं सही करताना कुणाचा हात बघितलात?"

दौलतरावांनी यादी मागवून फाडली, तेव्हा कुठे केशवनं उरलेल्या दाढीला हात घातला.