संत बर्तोलाच्या शब्दाची कहाणी

बायांनो, मेणबत्त्या लावा, पदर सावरा, चित्त देऊन ऐका. ही संत बर्तोलाची कहाणी.

समुद्रापल्याड एक आटपाट नगर होतं. तिथं राजा होता, राणी होती, आणि मठात बर्तोल नावाचा साधू होता. मठातल्या म्हाताऱ्या गुरूनं त्याला वसा दिला. वसा काय करावा? शुक्रवारी उपास करावा, चव्हाट्यावर उभं राहावं, देवाची वाणी सांगावी. दुबळ्याचं दुःख थोराच्या तोंडावर बोलावं, भीड धरू नये. बर्तोलानं वसा घेतला. बोलू लागला. कोळी होड्या ओढून ऐकायला आले, भांडलेले भाऊ एका ताटात जेवले, चोरांनी चोरलेली गुरं ज्याची त्याच्या दारी नेऊन बांधली.

कीर्ती राजाच्या कानी गेली. मग राजानं त्याला वाड्यातल्या देवळात बोलावलं, मऊ लोकरीचा झगा दिला, पंक्तीला बसवलं. बर्तोल गोड बोलू लागला. राजाला बरं वाटलं, बर्तोलालाही बरं वाटलं.

पुढं राजानं हौसेसाठी नदी अडवली, तळं बांधलं, तळ्यात हंस सोडले. खालच्या आळीच्या विहिरी आटल्या. तिथं लुसिया नावाची परटीण राहत होती. ती बर्तोलाकडं आली, विहिरीनं तळ दाखवला म्हणाली. शुक्रवारी राजाला सांगतो, म्हणाला. शुक्रवार आला, राजा समोर बसला, बर्तोलानं स्वर्गातल्या फुलांचं वर्णन केलं. मग ती पुन्हा आली, लोक डबक्यातलं पाणी पितात, गुरं मरतात, म्हणाली. येत्या शुक्रवारी नक्की, म्हणाला. शुक्रवार आला, राजा मान डोलावू लागला, बर्तोलाची जीभ वळेना. मग ती तिसऱ्यांदा आली, ती पाणी मागायला नाही. पांढऱ्या कापडात आपलं लेकरू घेऊन आली. डबक्याच्या पाण्यानं हगवण लागून गेलं होतं. माती द्या, म्हणाली.

बर्तोल खड्ड्याशी उभा राहिला. प्रार्थनेला तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुन्हा उघडलं, फुटेना. लुसियानं त्याच्याकडं पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही.

“बाबा, तुम्ही तर केव्हाचे मुके आहात,” ती म्हणाली. “आम्हांला आज कळलं.”

मग आपणच तिनं प्रार्थना म्हटली, आपणच माती लोटली.

बर्तोल मठात गेला, गुरूच्या पायी पडला, आता काय करू, असं खुणेनं विचारलं. गुरू म्हणाला, “उतलास, मातलास, घेतला वसा टाकलास. वाचा देवानं नेली नाही, तूच ती झग्यापायी दिलीस. जिथं तहान आहे तिथं जा.” बर्तोलानं झगा उतरवला, गोणपाट नेसला, खालच्या आळीत राहिला. डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी आणी, दारोदार ओती. खांदे सोलून निघाले. लुसियाच्या दारी घागर ठेवी. ती पाणी घेई, बोलत नसे.

मग पुनरुत्थानाचा सण आला. राजाराणी देवळात बसली. बर्तोल आत शिरला, वेदीपुढं उभा राहिला. मागं आळीचे लोक दाराशी थांबले. तोंड उघडलं, आणि घोगरा, फाटका शब्द बाहेर आला.

“राजा, तू नदी अडवलीस. खाली लुसियाचं लेकरू त्यापायी गेलं. मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. तुझ्याइतकंच हे पाप माझं.”

राजा कोपला, याची जीभ छाटा म्हणाला. शिपाई धावले. तशी राणी उठली, शिपाई थबकले. तिच्या कडेवर राजपुत्र होता.

“लेकरू केवढं होतं?” तिनं विचारलं.

लुसिया दारातून म्हणाली, “पावलं टाकू लागलं होतं.”

राणीनं पायातल्या वहाणा काढल्या. मूल कडेवर घेऊन अनवाणी तळ्याकडं चालू लागली. बायका मागोमाग निघाल्या. राणीनं मूल एकीच्या हाती दिलं, बांधाचा पहिला दगड ओढला. राजा मागून आला, राणीचे रक्ताळलेले हात पाहिले, मान खाली घातली, दुसरा दगड त्यानं ओढला. नदी खाली धावली. विहिरी भरल्या.

लुसियाचं लेकरू काही परत आलं नाही. पण तिन्हीसांजा तिनं आपल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेतलं, बर्तोलापुढं धरलं. “प्या,” म्हणाली, “आणि यापुढं गप्प बसू नका.” बर्तोल प्याला. मरेतोवर बोलत राहिला.

बायांनो, शुक्रवारी उपास करावा, भीतीनं गिळलेला एक खरा शब्द बोलावा. जशी बर्तोलाची वाचा उघडली तशी तुम्हां-आम्हां सगळ्यांची उघडो. साठां बोलांची ही कहाणी, पांचां बोलांत सांगितली, देवापायी सुफळ झाली.